सगळ्यांना माहीत असतं ते

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक लहानसं गाव आहे. तिथल्या एका वकिलाने १९३८ साली आपल्या मुलाविषयी बाल्टिमोरच्या डॉक्टर लिओ कॅनर यांना पत्र पाठवलं. टाइप केलेलं, तब्बल ३३ पानांचं. मुलगा गरगर फिरणाऱ्या वस्तूंत रमायचा, अगदी लहान असल्यापासून गाणी अचूक गुणगुणायचा, पण माणसांकडे त्याचं लक्षच नसायचं. १९४३ मध्ये कॅनर यांनी अकरा मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यातला पहिला मुलगा हाच, डोनाल्ड ट्रिपलेट. ऑटिझमच्या वैद्यकीय इतिहासातली केस नंबर एक.

निबंध अनेकांना ठाऊक असतो, डोनाल्डचं पुढे काय झालं ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. तो कॉलेजात गेला. मिलसॅप्स कॉलेजातून १९५८ साली फ्रेंच घेऊन पदवीधर झाला. गावी परतून आईच्या घराण्याची भागीदारी असलेल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी शिकला, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर वारला. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. वाद्यांच्या साथीविना गाणाऱ्या मुलांच्या वृंदात तो होता. गाणं सुरू करताना सूर धरायला पिच पाइप लागते, पण तिथले दिग्दर्शक ती कधी काढतच नसत. हवा तो स्वर ते डोनाल्डकडून घेत.

घर सधन होतं, गोरं होतं आणि काळ १९५०च्या दशकातल्या मिसिसिपीचा होता. हे भाग्य तेव्हाही फार थोड्यांच्या वाट्याला येणारं होतं. तरी त्या वृंदाची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिथे कुणी डोनाल्डला ‘इतरांसारखा हो’ म्हणत बसलं नाही. त्याच्यापाशी काय आहे ते एका माणसाने ओळखलं आणि वृंदाच्या कामात त्याला जागा करून दिली. मी गेली बावीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आपल्या कॉलेजांत अशी जागा का होत नाही, हा प्रश्न मला पडला तो एका मुलामुळे. तो मुलगा या प्रकरणात पुन्हा पुन्हा येईल.

आधी शब्दाबद्दल थोडं. मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. मूळ शब्दात ‘स्वतः’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे, त्यामुळे भाषांतर चुकीचं नाही. पण ‘स्वमग्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो स्वतःतच बुडालेला, जगाशी देणंघेणं नसलेला माणूस. कॉलेजातल्या ज्या ऑटिस्टिक मुलामुलींशी माझं बोलणं झालं, त्यांतलं एकही तसं नव्हतं. उलट जग त्यांच्यावर सतत आदळत होतं. प्रत्येक आवाज, प्रत्येक वास, प्रत्येक माणसाच्या बोलण्यातला न बोललेला अर्थ. म्हणून मी ‘ऑटिस्टिक’ हाच शब्द वापरते. बरीच मोठी मुलं स्वतःसाठी तोच पसंत करतात.

महाराष्ट्रात ‘कॉलेज’ सोळाव्या वर्षीच सुरू होतं. दहावीपर्यंत मुलाभोवती एक वर्तुळ असतं. एकच वर्ग, तोच बाक, तेच वर्गशिक्षक, डायरीत लिहून दिलेला अभ्यास. बोर्डाच्या सवलती शाळा मिळवून देते, आई मुख्याध्यापकांना भेटू शकते, काही शाळांत मदतनीस बाईही शेजारी बसतात. अकरावीला हे सगळं एका उन्हाळ्यात संपतं. तासागणिक खोली बदलते, शंभर-सव्वाशे मुलांचा वर्ग असतो आणि ‘आता तुम्ही मोठे झालात’ हे वाक्य पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं. इतर मुलांना ही मोकळीक वाटते. ऑटिस्टिक मुलाला ती पाट्या काढून टाकलेल्या शहरासारखी असते. पदवीला त्यात २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणाची भर पडली आहे. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिटची बेरीज. ज्याला विषय आवडतो पण निवडीच्या रानात वाट सापडत नाही, त्याच्यासाठी प्रवेशाचा आठवडाच सगळ्यात अवघड.

टेंपल ग्रँडिन या अमेरिकेतल्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापिका स्वतः ऑटिस्टिक आहेत. शाळा संपवून पुढे जायचं म्हणजे नेमकं काय, हे त्यांना शब्दांनी कळत नव्हतं. शाळेत छपरावर उघडणारं एक छोटं दार त्यांना सापडलं. त्या दारातून त्या खरोखर ये-जा करत, एका आयुष्यातून दुसऱ्यात जाण्याची तालीम म्हणून. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. आता वाटतं, आपल्याकडे तर उंबरठा ओलांडताना मापही ठेवतात. बदल डोळ्यांना दिसावा ही गरज आपल्याला नवी नाही.

तो मुलगा माझ्या वर्गात आला तेव्हा मला त्याच्याबद्दल काही माहीत नव्हतं. एफवायचा पहिला आठवडा. सगळ्यांना सांगते तसं मी सांगितलं, “शंका असली तर कधीही या.” तीन दिवसांनी सकाळी पावणेआठला मी एसवायच्या वर्गावर शिकवत होते. दार उघडलं, तो आत आला, वही टेबलावर ठेवली आणि पान उघडून उभा राहिला. साठ मुलं हसली. मी म्हणाले, “अरे, आत्ता?” तो म्हणाला, “तुम्ही कधीही म्हणाला होतात, मॅडम.” मला तो उद्धटपणा वाटला. सगळ्यांसमोर रागावून मी त्याला बाहेर काढलं. त्यानंतर ते सत्र संपेपर्यंत तो शंका विचारायला आला नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याची आई कागदपत्रांची फाइल घेऊन स्टाफरूममध्ये आली, तेव्हा मला कळलं की चूक माझ्या वाक्यात होती. ‘कधीही’चा अर्थ ‘मी तास घेत नसेन, जेवत नसेन, घरी निघाले नसेन तेव्हा’ असा होतो, हे मी गृहीत धरलं होतं. त्याने शब्द जसा होता तसा घेतला.

कॉलेज अशा गृहीतांवर चालतं. ‘जर्नल पूर्ण करून ठेवा’ म्हणजे कुठल्या तारखेपर्यंत? ‘हा भाग वाचून जा’ म्हणजे परीक्षेला आहे की नाही? तास ऑफ आहे हे कुणाकडून कळतं? डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तर आधी कुणाला भेटायचं? यातलं काहीच माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं. इतर मुलं कट्ट्यावर, कॅन्टीनमध्ये, एकमेकांच्या चेहऱ्यांवरून ते उचलतात आणि आपण काही शिकलो हेही त्यांना कळत नाही. विषयाच्या अभ्यासक्रमात पहिला येणारा मुलगा या दुसऱ्या अभ्यासक्रमात नापास होतो. आपण म्हणतो, हुशार आहे पण व्यवहार नाही.

त्याच वर्षीची मास बंकची गोष्ट. सगळ्यांनी मिळून एका तासाला दांडी मारायची ठरवली. त्याच्याही कानावर ते आलं होतं, पण पंचाहत्तर टक्के हजेरी हवी हे त्याने पहिल्या दिवशी ऐकलं होतं आणि तास तर वेळापत्रकात होता. तो जाऊन बसला. सरांनी हजेरी घेतली, एक जण हजर, बाकी सगळे गैरहजर. दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याला वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलं. आता त्या ग्रुपवर काय येतं? प्रॅक्टिकलची बदललेली वेळ, सबमिशनची तारीख, कुठल्या खोलीत बसायचं ते. पुढच्या पंधरवड्यात त्याची दोन प्रॅक्टिकल बुडाली आणि सबमिशन उशिरा झालं. आमच्या नोंदीत एवढंच लागलं: अनियमित. मागे कुणी गेलंच नाही.

आवाजाचा आणि वासाचा प्रश्न बाहेरून दिसत नाही, म्हणून तो नखऱ्यांत जमा होतो. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. बहुतेकांचा मेंदू ते गाळून टाकतो, काहींचा गाळत नाही. माझ्या प्रयोगशाळेत क्षारांच्या विश्लेषणाला अजून किप्स अॅपरॅटस लावतात. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांसारखा वास आम्हाला दहा मिनिटांत जाणवेनासा होतो. हा मुलगा दोन खोल्या पलीकडून सांगायचा की आज दुसरा ग्रुप चालू आहे. जुलैपासून नदीकाठी ढोलपथकांचे सराव सुरू होतात. मला ढोल मनापासून आवडतो. पण नदीजवळच्या वसतिगृहात राहणाऱ्या, रोज संध्याकाळी कानांवर उशी दाबून बसणाऱ्या एका मुलीने मला सांगितलं की तो आवाज तिला छातीत लागतो आणि रात्रभर तिथेच राहतो. सकाळी आठच्या तासाला ती डोळे मिटून बसायची. झोपाळू म्हणून तिचं नाव झालं होतं.

हा भार साचत जातो आणि कधीतरी बांध फुटतो. ऑटिस्टिक माणसं त्याला मेल्टडाऊन म्हणतात. रडणं, ओरडणं, पळत सुटणं. काहींचं उलट होतं, सगळं मिटून जातं, शब्द निघत नाहीत. त्याला शटडाऊन म्हणतात. बघणाऱ्याला पहिल्यात आकांडतांडव दिसतं आणि दुसऱ्यात हट्ट. दोन्हींत मुलाच्या हातात काही उरलेलं नसतं. त्या वेळी प्रश्नांची सरबत्ती करणं, हात धरून बसवणं, ‘काय झालं ते सांग आधी’ म्हणणं याने जखम वाढते. शांत खोली, पाणी आणि वेळ एवढंच लागतं. शिवाय ऑटिस्टिक व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला नेमकं काय वाटतंय हे ओळखून शब्दांत सांगणं जड जातं. भूक आणि तहान लागल्याचंही काहींना उशिरा कळतं. घरी आई ताट वाढते म्हणून ते लपून राहतं. वसतिगृहात मेसची वेळ टळली की टळली.

मुलींविषयी वेगळं सांगायला हवं. लहानपणापासून ‘मुलीच्या जातीने’ कसं बसावं, कुणाकडे बघून हसावं, कुणाच्या बोलण्यात मध्ये बोलू नये, हे आपण मुलींना इतकं घोटून शिकवतो की ऑटिस्टिक मुलगीही ते पाठ करते. अक्षरशः पाठ. वसतिगृहातल्या त्या मुलीकडे एक वही होती. कोण काय म्हणालं की आपण काय म्हणायचं, वाढदिवसाला किती वेळ थांबायचं, मैत्रीण रडली तर आधी विचारायचं की आधी जवळ घ्यायचं. या नाटकाला अभ्यासक मास्किंग म्हणतात, मुखवटा. दिवसभर तो चढवून ठेवण्याचा शीण भयंकर असतो आणि मुखवटा जितका चोख, तितकं निदान लांबतं. कित्येकींना ते विशीत-तिशीत, नैराश्यासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर मिळतं. त्या मुलीने मला वही दाखवली तेव्हा म्हणाली, “मॅडम, यात ही पानं फक्त ‘काय गं, कशी आहेस?’ याचीच आहेत.” चार पानं होती.

असं सगळं वाचून वाटेल की दोष एका बाजूचा, संवाद ऑटिस्टिक मुलांना जमत नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी हे उलटून दाखवलं. दोन वेगळ्या तऱ्हेने जग अनुभवणारी माणसं समोरासमोर आली की समजुतीची फट दोन्हीकडून पडते, फक्त तिचा ठपका एकावरच ठेवला जातो. याला त्यांनी दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न म्हटलं. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी कानगोष्टींच्या खेळासारखा एक प्रयोग केला. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगायची आणि शेवटपर्यंत तिच्यातलं किती उरतं ते मोजायचं. २०२० मध्ये निष्कर्ष छापले गेले. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली होती, जितकी इतरांच्या साखळीत. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. नंतरच्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळ्यांतही तशी गळती दिसली नाही, पण ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडत नाहीत हे तिथेही कायम राहिलं. ग्रुप प्रोजेक्टचे गट पाडताना मला हे नेहमी आठवतं. ‘आपापले गट करा’ असं सांगून आपण पाठ फिरवतो आणि पाच मिनिटांनी कोण एकटं उभं आहे ते सगळा वर्ग बघतो. आता गट मीच पाडते आणि कुणी काय करायचं ते कागदावर लिहून देते. भांडणंही कमी झाली, सगळ्यांचीच.

कायदा मुलांच्या बाजूने आहे, हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवावं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात तो आला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याला स्वतंत्र स्थान मिळालं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयाची पाच वर्षांची सूटही आहे. याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं हा कायदा स्पष्ट म्हणतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट राखीव जागांसाठी असेल, पण लेखनिकासारखी सोय त्या अटीवर अडवता येणार नाही. कॉलेजच्या ऑफिसात ‘चाळीसच्या खाली आहे, काही करता येणार नाही’ असं उत्तर मिळालं तर या निकालाचं नाव घ्यावं.

टक्केवारीची अडचण खरी आहे. ऑटिझम मोजायला आपल्याकडे आयसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ४० ते २००. सत्तरपासून सौम्य ऑटिझम धरतात. लहान मुलाचं वागणं बघून गुण देणं तिला चांगलं जमतं. पण अठरा वर्षं मुखवटा घोटलेली, नीट वाक्यांत बोलणारी मुलगी तपासणाऱ्यासमोर अर्धा तास बसली, तर त्या अर्ध्या तासात काय दिसणार? ती घरी जाऊन दोन दिवस अंधाऱ्या खोलीत झोपते, ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

ज्या सवलती मिळतात, त्या बहुतेक हात आणि डोळे यांच्या अडचणी समोर ठेवून घडलेल्या आहेत. लेखी परीक्षेला तासामागे किमान २० मिनिटं जादा. अनेकांना ती लागतात, मिळायलाच हवीत. पण माझ्या त्या मुलाचा पेपर वेळेआधीच लिहून व्हायचा. त्याच्या डोक्यावर कुरकुरणारा पंखा होता. त्याच हॉलमध्ये एक तास जादा म्हणजे त्या पंख्याखाली आणखी एक तास. त्याला हवी होती वेगळी, लहान खोली. ती रिकामी होती, तळमजल्यावर. ती देता येते हे कुणाला सुचलं नव्हतं, कारण अर्जाच्या नमुन्यात तसा रकाना नव्हता. आईने कोऱ्या कागदावर अर्ज लिहिला, मी सही केली, प्राचार्यांनी मंजूर केला. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

व्हायव्हाचं कोडं सुटायला मात्र वर्ष गेलं. एफवायच्या प्रॅक्टिकल परीक्षेत त्याने मिश्रणातले चारही रॅडिकल अचूक ओळखले होते. जर्नल वर्गात सर्वांत नेटकं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रेमाने विचारलं, “हं, बोला, काय काय केलंत?” तो गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. परीक्षकांनी मला हळूच विचारलं की निरीक्षणं कॉपी केलीत का. नंतर मी त्याला विचारलं, तेव्हा म्हणाला, “त्यांना कुठपासून हवं होतं, मॅडम? आणि किती?” त्या प्रश्नाला कडाच नव्हत्या. दुसऱ्या ग्रुपचा अभिकारक कोणता, असं विचारलं असतं तर उत्तर तत्काळ आलं असतं. पुढच्या वर्षी मी परीक्षकांना आधीच विनंती केली, नेमके प्रश्न विचारा आणि उत्तराला दहा सेकंद द्या. डोळ्यांत बघत नाही म्हणून गुण कापू नका. ते चटकन हो म्हणाले, अवघड काहीच नव्हतं त्यात.

त्याच सुमारास मी एक पान लिहून काढलं, ‘प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी काय काय होतं’. किती वाजता कुठल्या दारापाशी उभं राहायचं, चिठ्ठी कोण उचलायला सांगतं, चंबू फुटला तर कुणाला सांगायचं, प्रश्न समजला नाही तर कुठलं वाक्य म्हणायचं, संपल्यावर कुणाला विचारून निघायचं. चौदा ओळी झाल्या. त्याच्यासाठीच लिहिलं होतं, पण त्याला एकट्याला वेगळं काढायचं नव्हतं म्हणून नोटीस बोर्डावर लावलं. मधल्या सुट्टीत बघते तर बोर्डापुढे ही गर्दी. जो तो मोबाइलने फोटो काढतोय. खेड्यातून आलेली, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेली पोरं सगळ्यात पुढे होती. त्यांनाही हे कुणी सांगितलं नव्हतं.

तो गर्दी ओसरेपर्यंत लांब थांबला होता. मग बोर्डापाशी गेला, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्या टेबलाशी आला. मी तास घेत नव्हते, तो मला भेटण्यासाठी ठरवून दिलेला वेळ होता, दाराबाहेरच्या पाटीवर लिहिलेला.

“मॅडम, आठव्या आणि नवव्या ओळींच्या मध्ये एक गोष्ट राहिलीय,” तो म्हणाला. “व्हायव्हासाठी नाव पुकारेपर्यंत कुठे बसायचं, ते लिहिलेलं नाही.”

मी पेन घेऊन त्याच्याबरोबर बोर्डापर्यंत गेले आणि त्या दोन ओळींच्या मधल्या जागेत लिहिलं: खिडकीशेजारच्या बाकावर.